महिंद्रा थारचा कापडी हूड: पावसात काय होतं, निगा कशी राखायची आणि हार्ड टॉप कुणी घ्यावा

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार आली तेव्हा छपराचे तीन प्रकार होते: न उघडणारा कापडी, उघडणारा कापडी म्हणजे कन्व्हर्टिबल, आणि हार्ड टॉप. जानेवारी २०२३ मध्ये आलेली टू व्हील ड्राइव्ह थार फक्त हार्ड टॉपमध्ये मिळाली. त्यामुळे या पिढीतली कन्व्हर्टिबल शोधायला निघालात तर हाती लागेल ती फोर बाय फोरच. हे परीक्षण त्या कन्व्हर्टिबलच्या हूडचं आहे, इंजिन आणि गिअरबॉक्सबद्दल पुष्कळ लिहून झालंय.

आधी निकाल सांगतो. हूड चांगला आहे. पावसाने तो खराब होत नाही. तो खराब होतो वॉशिंग सेंटरच्या ब्रशने, ओला असताना घातलेल्या घडीने आणि झाडाखालच्या पार्किंगने. म्हणून हार्ड टॉपचा विचार करताना पहिला प्रश्न ‘पाऊस किती पडतो’ हा नाही. ‘गाडी रात्री कुठे उभी राहते’ हा आहे.

हूड उघडणं सगळं हाताचं काम आहे, मोटार नाही. क्रम पाळायचा: आधी मागची आणि बाजूची प्लॅस्टिकची खिडकी चेन उघडून काढायची, ती बाजूला नीट ठेवायची, मग पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीवरचे लॅच सोडायचे आणि सांगाडा मागे न्यायचा. घाईत खिडक्या तशाच ठेवून सांगाडा मागे ढकलला की प्लॅस्टिकवर आडवी चुणी पडते. ती चुणी पुन्हा जात नाही, आणि पुढे प्लॅस्टिक तिथूनच तडकतं. सांगाडा मागे जाताना दांड्यांच्या मधे कापड चिमटत नाही ना, हे दुसऱ्या माणसाने पाहायचं. एकट्याने जमतं, पण दोघांनी केलेलं काम कापडाच्या आयुष्याला बरं. नवख्या माणसाने पहिल्या खेपेला पाऊण तास हाताशी ठेवावा.

गळती कुठून होते

‘कापडातून पाणी येतं’ ही तक्रार बहुतेक वेळा चुकीची असते. पाणी येतं ते जोडांतून. संशयाच्या जागा तीन: पुढच्या काचेची वरची पट्टी आणि हूड जिथे मिळतात तो सांधा, दाराचा पुढचा वरचा कोपरा, आणि मागच्या खिडकीच्या चेनचे कोपरे. त्यानंतर शिलाईची भोकं.

जागा नक्की करायला पावसाची वाट पाहू नका. गाडी कोरडी करून सावलीत लावा, आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून बागेच्या साध्या पाइपने, नोझल न लावता, पाणी सोडा. सुरुवात खालून करायची: आधी दाराची खालची कड, मग खिडकीची कड, सगळ्यात शेवटी छप्पर. प्रत्येक जागी तीन-चार मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि मूळ जागा कधीच कळत नाही. आतल्या माणसाने थेंब पडतो ती जागा नव्हे, पाणी पहिल्यांदा जिथे चमकतं ती जागा खडूने खूण करून ठेवायची. पाणी दांडीच्या आधाराने फूटभर पळून मग खाली टपकतं, त्यामुळे सीटवर पडणारा थेंब हमखास फसवतो. LX मॉडेलला रोल केजवर, म्हणजे छपराखालच्या मजबूत धातूच्या सांगाड्यावर, स्पीकर आहेत, तिकडे धार मारू नका. या गाडीच्या टचस्क्रीनबाबत आयपी ५४ सांगितलं जातं, त्याचा अर्थ शिंतोडे सोसतं एवढाच आहे, पाइपाची धार नव्हे.

पुढच्या पट्टीतून पाणी येत असेल तर लॅच पुरेसा ओढून धरत नाही असं समजा. लॅचचा हूक आट्यांचा असेल तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फेरा आवळा आणि पुन्हा तपासा. एकच बाजू आवळली की पट्टी तिरकी बसते आणि गळती दुसऱ्या कोपऱ्यात सरकते. एक जुनी पावती पट्टीखाली ठेवून लॅच लावा आणि ओढून पाहा. सहज निघाली तर तिथे दाब नाही. अशा जागी १० मिमी रुंद, ३ मिमी जाड ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं रबर) फोमची चिकटपट्टी मूळ बीडिंगच्या, म्हणजे रबरी कडेच्या, आतल्या बाजूने लावली की काम भागतं. जाड पट्टी लावू नका, लॅच जोर लावून बंद करावा लागतो आणि कालांतराने काचेवरची पट्टीच वाकते. दाराच्या बीडिंगला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. मोटारीचं साधं ग्रीस रबर फुगवतं, ते टाळा.

शिलाईतून पाझर असेल तर सीम सीलर, म्हणजे शिलाईची भोकं बुजवणारं द्रव. हूड पूर्ण कोरडा असताना आतल्या बाजूने बारीक ब्रशने शिलाईच्या रेषेवरच लावायचा, आठ-दहा तास वाळू द्यायचा, मग दुसरा हात. बाहेरून फासलेला सीलर उन्हात पिवळा पडतो आणि त्यावर धूळ बसून काळी रेघ तयार होते. बाजारात ‘वॉटरप्रूफिंग’ म्हणून अख्ख्या हूडवर रबराचं सोल्युशन मारून देतात. ते अजिबात करू नका. कापड कडक होतं आणि घडीच्या जागी दुसऱ्याच हंगामात तुकडे पडायला लागतात.

प्लॅस्टिकच्या खिडक्या

या हूडमधला सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि सगळ्यात जास्त हेळसांडही याचीच होते. हे मऊ पीव्हीसी आहे. त्याला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर ऊन आणि चुकीची रसायनं हळूहळू बाहेर काढतात. मग खिडकी पिवळी पडते, कडक होते आणि शेवटी तडकते. काच पुसायचे अमोनिया किंवा अल्कोहोलवाले स्प्रे, थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही इथे चालत नाही. काळ्या फिल्मचा विषयच सोडा. गाडीच्या काचांवर अशी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे, आणि मऊ पीव्हीसीवर ती नीट बसतही नाही.

कोरड्या फडक्याने धूळ पुसणं हा सर्रास होणारा गुन्हा. धुळीत बारीक वाळू असते, एका पुसण्यात शेकडो ओरखडे उठतात आणि रात्री मागच्या गाडीचे दिवे त्यावर पसरून आरशात पांढरा पडदा दिसतो. आधी भरपूर पाणी वाहू द्या, मग तळहाताने हलकेच घाण सैल करा, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेलं स्वच्छ मायक्रोफायबर एकाच दिशेने, वरून खाली. वाळवताना घासायचं नाही, नुसतं टिपायचं. बारीक ओरखडे प्लॅस्टिक पॉलिशने हाताने निघतात. मशीनचं बफ लावू नका, उष्णतेने पीव्हीसीवर लाटा उठतात.

खिडकी काढून ठेवायची तर सपाट ठेवा, दोन खिडक्यांच्या मधे जुनी सुती चादर. प्लॅस्टिकला प्लॅस्टिक लागून उन्हाळाभर पडलं की ते चिकटतं आणि सोडवताना पृष्ठभाग खरवडतो. गुंडाळायचीच असेल तर चार इंची पाइपावर चादरीसकट, सैल. भर उन्हात तापलेली खिडकी गुंडाळू नये, चादरीच्या विणीचा ठसा कायमचा उमटतो. उलट नाशिक किंवा महाबळेश्वरच्या थंडीतल्या सकाळी ती कडक झालेली असते, तेव्हा वाकवली तर तडकते. वीस मिनिटं कोवळ्या उन्हात ठेवा, मग हात लावा.

चेनमध्ये किनाऱ्यावरची वाळू अडकते. जुन्या टूथब्रशने दाते झाडा, पाण्याने धुवा, वाळू द्या आणि पांढरी मेणबत्ती दातांवरून घासा. तेल किंवा ग्रीस घातलंत तर पुढच्या सहलीला तिथेच वाळूचा लगदा होतो. चेन ओढायला जड जात असेल तर दोन्ही कडा एका हाताने जवळ आणून मग ओढा. रनरवर जोर देऊन ओढली की दाते मागून उघडतात. मागचं दार उघडताना प्लॅस्टिकची खिडकी आधी सोडावी लागते, त्यामुळे रोज सामान चढवणाऱ्याच्या गाडीत ही चेनच आधी जाते. चेन बदलणं हे सीट कव्हर शिवणाऱ्या चांगल्या कारागिराचं काम आहे, त्यासाठी अख्खा हूड बदलायची गरज नाही.

धुणं आणि पाणी झटकणारा हात

हूड सावलीत आणि थंड असताना धुवा. पाच लिटर पाण्यात झाकणभर कार शॅम्पू पुरतो. कपड्यांची पावडर नको, भांड्यांचा साबणही नको. मऊ ब्रशने साधारण फूटभराचा चौकोन घ्यायचा, विणीच्या दिशेने घासायचं, धुवायचं, मग पुढचा चौकोन. शेवटी फेस पूर्ण जाईपर्यंत पाणी मारत राहा. हे शेवटचं पाणी सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण कापडात उरलेला साबण पाण्याला आत शिरायला मदत करतो. ‘धुतल्यापासून हूड भिजायला लागला’ असं जे म्हणतात, त्यांच्या हूडमध्ये बहुधा साबण राहिलेला असतो. वॉशिंग सेंटरवर गेलात तर प्रेशरची तोटी हूडपासून किमान दोन फूट लांब धरायला सांगा आणि शिलाईवर व चेनवर ती मारूच देऊ नका. त्यांचा ब्रश तर लांबच ठेवा, तो मघाशी कुणाच्या तरी चाकाच्या चिखलात फिरलेला असतो.

त्यावर काय लावायचं हे कापडावर ठरतं. बोटाने चाचपा: वीण जाणवते, पाणी टाकल्यावर हळूहळू डाग गडद होतो, तर ते विणलेलं कापड. बोट गुळगुळीत फिरतं आणि पाणी कितीही वेळ तसंच राहतं, तर विनाइलचा थर. बाजारात शिवून घेतलेले हूड बहुतेक रेक्झिनचे, म्हणजे विनाइलमध्येच मोडणारे असतात. विणलेल्या कापडाला पाणी झटकणारा फॅब्रिक प्रोटेक्टर लागतो, विनाइलला पाण्यावर आधारित यूव्ही प्रोटेक्टर, म्हणजे उन्हापासून वाचवणारा. टायरला चमक आणणारं तेलकट पॉलिश कोणत्याच हूडला लावायचं नाही.

फॅब्रिक प्रोटेक्टरसाठी मे महिन्याचा दुसरा पंधरवडा उत्तम: हवा गरम, वळवाचा भरवसा नाही पण मोसमी पाऊस अजून लांब. धुतल्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या. खिडक्यांच्या प्लॅस्टिकवर, काचेवर आणि पत्र्यावर वर्तमानपत्र व मास्किंग टेप लावा, कारण फवारा पीव्हीसीवर वाळला तर धुरकट डाग राहतो. मग वीतभर अंतरावरून दोन हलके हात, दुसरा पहिल्याला काटकोनात. एक जाड हात मारला तर कापड वरून ओलं दिसतं, आत पोहोचत नाही आणि पांढरे पट्टे उरतात. या आकाराच्या हूडला अर्धा लिटर जेमतेम पुरतो, शिलाईवर जास्तीचा हात द्यायचा तर एक लिटर हाताशी ठेवा. त्यानंतर चोवीस तास पाणी नको, दवही नको, म्हणून रात्री छपराखाली. जुलैत पाण्याचे मणी होण्याऐवजी डाग पसरताना दिसला तर उघडीप मिळेल त्या दिवशी पुन्हा एक हात.

बुरशी हा कोकणातला खरा शत्रू. तिथे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि हवा कधी कोरडी होतच नाही. ओला हूड घडी घालून ठेवलात तर दोन-तीन दिवसांत कुबट वास आणि आठवड्यात काळे ठिपके. वाटेत नाइलाजाने ओला घडी केलाच, तर घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी उघडून पंख्याखाली वाळवा. ठिपके आलेच तर एक भाग पांढरं व्हिनेगर आणि चार भाग पाणी, पंधरा मिनिटं ठेवून मऊ ब्रश, मग भरपूर पाणी. कपड्यांचं ब्लीच ठिपके घालवतं, पण शिलाईचा दोराही कमजोर करतं, आणि दोरा गेला की हूड गेला. आतली फरशी धुता येते, तळाला पाणी काढायची बुचं आहेत. बुचं पुन्हा बसवायला विसरू नका, नाहीतर ओढ्यातून जाताना पाणी तिथूनच वर येतं.

पार्किंगबद्दल थोडं. आंबा, फणस, जांभूळ यांच्याखाली गाडी नको. चीक किंवा फळांचा रस विणीत मुरला की घासून निघत नाही. पाखरांची विष्ठा खरवडू नका, ओलं फडकं दहा मिनिटं ठेवा, ती आपोआप सुटते. मांजरांना गरम हूड आवडतो आणि उतरताना ती नखं रोवतात. सिंहगड, सप्तशृंगी, महाबळेश्वर इथे माकडं छपरावर उड्या मारतात, तिथे गाडी राखायला कुणीतरी थांबलेलं बरं. कव्हर वापरायचं तर हवा खेळणारं कापडी, आणि धुळीने भरलेल्या गाडीवर कधीच नाही. वाऱ्याने कव्हर हलतं आणि तीच धूळ प्लॅस्टिकवर रात्रभर घासत राहते.

हार्ड टॉपचा हिशेब

कापडी हूडच्या काही गोष्टी निगा राखून सुधारत नाहीत. ताशी ऐंशीच्या पुढे फडफड आणि वाऱ्याचा आवाज एवढा वाढतो की समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर तासन्‌तास गप्पा मारता येत नाहीत. विदर्भाच्या मे महिन्यात काळं कापड तापतं आणि एसी सतत झगडत राहतो. ब्लेडने हूड कापून आतली बॅग उचलणं कुणालाही जमतं. या तिन्हींचा रोज त्रास होणार असेल तर हार्ड टॉप घ्यावा, पण तो कंपनीचा, गाडी घेतानाच.

नंतर बसवून मिळणाऱ्या फायबरच्या टपाबद्दल आमचं मत फारसं अनुकूल नाही. वजनाचाच हिशेब करा. साधारण सहा चौरस मीटर पृष्ठभाग, ४ मिमी जाडी आणि घनमीटरला सुमारे दीड हजार किलो घनता धरली तर नुसतं फायबर ३६ किलो. त्यात काचा, चौकटी, बोल्ट धरून पन्नास-साठ किलो सहज होतात. ‘थंडीत काढू, पावसात लावू’ ही कल्पना तिथेच कोलमडते, कारण दर वेळी चार माणसं आणि ठेवायला जागा लागते. भिंतीला उभा टेकवला तर तो काही महिन्यांत पिळवटतो आणि परत बसवताना एका कोपऱ्याला फट राहते.

तरीही घ्यायचा असेल तर आतली बाजू पाहा, बाहेरचा रंग नव्हे. पांढरे कोरडे धागे दिसले तर रेझिन, म्हणजे धागे धरून ठेवणारा चिकट पदार्थ, नीट मुरलेलं नाही. केमिकलचा उग्र वास येत असेल तर ते पुरतं पिकलेलं नाही. बोल्टच्या भोकांमागे धातूची पट्टी हवी, नुसत्या वॉशरवर आवळलेलं फायबर खड्ड्यांनी भोकाभोवती तडकतं. दारांवर पाण्यासाठी पन्हळ हवी, नाहीतर दार उघडताच छपराचं पाणी मांडीवर. काचांवर आयएस २५५३ (सुरक्षित काचेचं भारतीय मानक) चं चिन्ह पाहा, ॲक्रिलिकची शीट ‘काच’ म्हणून स्वीकारू नका. आत फोमचं अस्तर नसेल तर पावसाळी सकाळी टपाच्या आतून दव ठिबकतं आणि ठरावीक वेगाला टप ढोलासारखा घुमतो. आणि फायबरच्या टपाने गाडी उलटल्यावर माणसं वाचतात हा समज मनातून काढा. तो भार रोल केज घेतो, कापडाखालीही तोच असतो.

सगळ्यात मोठी अडचण कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम १८२ अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी सर्वेअर पाठवते तेव्हाही आरसी आणि समोर उभी गाडी यांची गाठ पडते. बसवणारा ‘सगळे लावतात, काही होत नाही’ म्हणेल. त्याच्याकडे आरटीओची लेखी मंजुरी मागा, आणि ती हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

तेव्हा, रत्नागिरी-सिंधुदुर्गात गाडी उघड्यावर राहते आणि रोज कामाला लागते, तर कंपनीचा हार्ड टॉपच. मुंबईत रस्त्यावर पार्किंग असेल तरी तोच सल्ला. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात छपराखाली जागा आहे आणि गाडी प्रामुख्याने सुटीच्या दिवशी बाहेर पडते, तर कन्व्हर्टिबल बिनधास्त घ्या. नोव्हेंबरात हूड मागे टाकून आंबोली घाट चढण्याची मजा हार्ड टॉपवाल्याला मिळत नाही, आणि तिच्यासाठी मे महिन्यातले दोन दिवस खर्चणं फार नाही. नुसत्या गळतीला कंटाळून मात्र टप बदलू नका. आधी पाइपची चाचणी करा, लॅच आणि फोमपट्टी पाहा.

जुनी कन्व्हर्टिबल बघायला जाताना सकाळी लवकर, धुण्याआधी जा. मालकाला हूड पूर्ण उघडून परत लावायला सांगा: चेन अडते का, कापड दांड्यांवर पांढरं पडलंय का, घडीच्या रेषेत धागे दिसतात का, ते तिथेच कळतं. सीटखालची मॅट उचलून वास घ्या, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्यावर बुरशीचे ठिपके आहेत का पाहा. फायबरचा टप लावलेला असेल तर मूळ हूड आणि तिन्ही खिडक्या जागेवर आहेत का विचारा. नसतील तर कंपनीच्या नव्या हूडची किंमत डीलरकडून लेखी घेऊन तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा.